वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळावा आणि स्नेहभोजन: तारखेपासून हिशेबापर्यंत

कोल्हापुरात १९०१ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं शहरात उभी राहिली. पुढे रयत शिक्षण संस्थेने बोर्डिंगची ही चाल खेडोपाडी नेली. इंजिनिअरिंग, मेडिकल, शेतकी कॉलेजांची हॉस्टेलं तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वर्गात आपल्याच वर्षाची, आपल्याच शाखेची मुलं भेटतात. हॉस्टेलवर मात्र चार-पाच बॅचेस एकाच मेसमध्ये जेवतात. म्हणून हॉस्टेलचा मेळावा म्हणजे एका बॅचचं रौप्यमहोत्सवी संमेलन नव्हे. तो दर वर्षी भरवायचा असतो आणि त्यात पासष्टीचे काका आणि तेविशीची पोरं एका ताटाला बसवायची असतात.

लोक त्यासाठी प्रवास करून येतात ते एकमेकांशी बोलायला. तारीख, जागा, जेवण, स्पीकर, खुर्च्यांची मांडणी, काहीही ठरवताना एकच विचारावं: यामुळे गप्पांना वेळ मिळणार आहे की गप्पांचा वेळ जाणार आहे?

तारीख

तारीख किमान सहा महिने आधी पक्की करा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोयीचा वाटतो, कारण परदेशातले मित्र तेव्हा सुट्टीवर येतात. पण तो ठरवण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, विद्यापीठाच्या परीक्षा. नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे या काळात वर्ग आणि सभागृह मिळत नाही आणि मुलं अभ्यासात असतात. दुसरी, पंचांग. मार्गशीर्षात अनेक घरांत मांसाहार बंद असतो आणि गुरुवारी उपवास असतो. एकादशी किंवा संकष्टीला स्नेहभोजन ठेवलंत तर पंचवीस-तीस माणसं साबुदाण्याच्या खिचडीची चौकशी करतील. तिसरी, लग्नतिथी. दाट मुहूर्ताच्या दिवशी हॉल मिळत नाही, आचारी दोन ठिकाणी माणसं वाटतो आणि तुमच्या वाट्याला नवखे वाढपी येतात. पौषात बहुतेक लोक लग्नं धरत नाहीत, त्यामुळे हॉल, मांडववाले, केटरर सगळे मोकळे असतात आणि भावही उतरतो. पौष साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत येतो, म्हणजे परदेशच्या सुट्ट्यांशीही जमतो. चौथी, रेल्वे. आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणून तारीख, ठिकाण आणि वेळ असलेलं पत्र त्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांच्या हातात पडायला हवं.

कॉलेजचं गॅदरिंग जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर प्राचार्यांना विचारून मेळावा त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवता येतो. मांडव, स्टेज, लाइट आधीच उभे असतात आणि भाड्यात मोठी बचत होते.

तारीख एकदा ठरली की मतदान घेऊ नका. दोनशे माणसांच्या ग्रुपवर "कोणती तारीख चालेल?" असं विचारलं की महिना जातो आणि शेवटी पहिलीच तारीख कायम होते.

माणसं शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो आणि तो द्यावाच. कॉलेजचं जनरल रजिस्टर, हॉस्टेलचं प्रवेश रजिस्टर आणि कॉलेजचं वार्षिक नियतकालिक या तीन ठिकाणांवरून मूळ यादी करा. नियतकालिकात हॉस्टेल सेक्रेटरी, मेस कमिटी, क्रीडा संघ यांचे नावांसकट फोटो असतात. कार्यालयाकडून यादी हवी असेल तर प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि कारण लिहा. तोंडी विनंतीवर कारकून रजिस्टर दाखवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

एक्सेलमध्ये एवढे रकाने हवेत: प्रवेशाच्या वेळचं नाव, आत्ताचं नाव, प्रवेशाचं आणि पास होण्याचं वर्ष, शाखा, खोली नंबर, मूळ गाव, आत्ताचं गाव, फोन, दुसरा फोन, आहार, मुक्कामाची गरज. पहिले दोन रकाने वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. लग्नानंतर नाव आणि आडनाव बदललेल्या मैत्रिणी यादीतून गळतात त्या याच कारणाने, आणि मग मुलींच्या हॉस्टेलची हजेरी कायम कमी दिसते. त्यांचा शोध माहेरच्या गावावरून, भावाबहिणींवरून, रूममेटवरून घ्यायचा. हे काम त्या काळी मुलींच्या हॉस्टेलवर राहिलेल्या कोणाकडे तरी सोपवा.

प्रत्येक बॅचला एक संपर्कप्रमुख नेमा. त्याने आपल्या पंधरा-वीस जणांना फोन करायचा, मेसेज नव्हे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, पण सुप्रभातच्या फुलांखाली निमंत्रण दबून जातं. सूचनांसाठी फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा वेगळा ग्रुप ठेवा. ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोहोचतच नाही.

दिवंगत मित्रांची यादी स्वतंत्र करा आणि प्रत्येक नावाची घरच्या माणसाकडून खात्री करून घ्या. "बहुतेक गेला म्हणे" एवढ्यावर नाव लिहू नये. हयात माणसाचं नाव श्रद्धांजलीत वाचलं जाण्याइतकी दुखावणारी चूक मेळाव्यात दुसरी नाही.

पैसे

आधी खर्चाचे दोन भाग करा. माणसं किती आली तरी न बदलणारा खर्च: हॉल, मांडव, ध्वनी, लाइट, छपाई, फोटोग्राफर. आणि माणशी खर्च: जेवण, चहा-नाश्ता, पाणी, ओळखपत्र. शुल्क काढताना न बदलणारा खर्च अपेक्षित संख्येने भागू नका, तिच्या ८० टक्क्यांनी भागा. उदाहरण घेऊ. १५० माणसं अपेक्षित, न बदलणारा खर्च ९०,००० रुपये, माणशी खर्च ७०० रुपये. ९०,००० भागिले १२० म्हणजे ७५०. त्यात ७०० मिळवले की १,४५०. शुल्क १,५०० ठेवा. ९०,००० ला १५० नी भागलंत तर शुल्क १,३०० निघेल आणि तीस माणसं कमी आली की १८,००० रुपयांचं भोक पडेल. ते शेवटी दोघातिघांच्या खिशातून भरलं जातं, आणि पुढच्या वर्षी ते दोघेतिघे काम करायला येत नाहीत.

निमंत्रित शिक्षक, रेक्टर, मेसचे जुने कर्मचारी यांची ताटं माणशी खर्चात धरा. दहा-बारा तरी होतात. गेल्या तीन वर्षांत पास झालेल्यांना निम्मं शुल्क ठेवा, तरुण मुलं आल्याशिवाय वार्षिक मेळावा दहा वर्षंही टिकत नाही.

नुसतं "येतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे येतील असं धरा, पैसे भरलेल्यांपैकी दहात नऊ. म्हणून नोंदणी म्हणजे पैसे भरणं, हे पहिल्याच पत्रात लिहा आणि मुदत मेळाव्याच्या तीन आठवडे आधी संपवा.

पैसे एकाच्या खासगी खात्यात घेऊ नयेत. माजी विद्यार्थ्यांची संघटना नोंदणीकृत असेल तर तिच्या खात्यात, नसेल तर या कामापुरत्या उघडलेल्या संयुक्त खात्यात घ्या आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या ठेवा. जमा-खर्चाची शीट सगळ्यांना बघता येईल अशी उघडी ठेवा. संशय हिशेबातल्या चुकीपेक्षा हिशेब न दिसण्यातून वाढतो.

देणगी आणि मेळाव्याचं शुल्क कधीही एकत्र करू नका. जेवणाच्या शुल्कावर देणगीची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही. सवलतीची पावती फक्त देणगीची, तीही संस्थेला तशी मान्यता असेल तरच, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्राची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, कायद्याने परदेशी देणगी ठरते. त्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या मित्राने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्यात येत नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पैसे घेण्याआधी विचारलेला बरा.

जागा

शक्य तोवर मेळावा हॉस्टेलच्याच आवारात घ्या. एसी हॉलमध्ये माणसं पाहुण्यांसारखी बसतात. जुन्या व्हरांड्यात आपोआप घोळके जमतात. प्राचार्य आणि रेक्टर दोघांनाही लेखी पत्र द्या आणि त्यात वेळ, संख्या, वाहनं, स्वयंपाक कुठे होणार, स्वच्छता कोण करणार हे लिहा.

जुनी खोली बघायची इच्छा प्रत्येकालाच असते. तिथे आता कोणीतरी राहत असतं. रेक्टरांमार्फत आधी विचारून, प्रत्येक मजल्यावरच्या दोन-तीन खोल्या ठरावीक अर्ध्या तासासाठी उघड्या ठेवायला सांगा. मुलींच्या हॉस्टेलमध्ये फक्त तिथल्या माजी विद्यार्थिनींनी, वॉर्डनबरोबर जावं.

जागा पाहायला जाल तेव्हा स्वच्छतागृहांतलं पाणी, जिन्याला कठडा, व्हीलचेअरसाठी उतार आणि जनरेटर बघा. साठीच्या पुढची माणसं येणार असतील तर पायऱ्या चढून जायच्या सभागृहापेक्षा तळमजल्यावरचा मांडव चांगला. जवळच्या हॉस्पिटलचा नंबर स्वागतकक्षावर मोठ्या अक्षरांत लावा.

दारूचा प्रश्न निघतोच. कॉलेजच्या आवारात ती नको. बाहेर कोणाला वेगळं बसायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, वेगळी वर्गणी आणि गाडी चालवायला वेगळा माणूस, हे त्यांनी बघावं. मेळाव्याच्या पैशातून हा खर्च करू नये.

दिवसाची आखणी

वार्षिक मेळाव्याला शनिवारी दुपारी ३ ते रात्री १० एवढा वेळ पुरतो. सकाळी निघून लोक पोहोचतात, मुक्कामाला राहणाऱ्यांना रविवारी सकाळचा नाश्ता आणि आवारात फेरी मिळते. चालणारी आखणी अशी:

३.०० नोंदणी आणि चहा
४.०० दीपप्रज्वलन, श्रद्धांजली, स्वागत, शिक्षकांचा सत्कार
४.५० सामूहिक फोटो
५.१५ आवार आणि खोल्यांची फेरी, गप्पा
६.३० वार्षिक सभा
७.०० आजी-माजी विद्यार्थ्यांची ओळख, गाणी
७.४५ स्नेहभोजन
९.४५ समारोप

फोटो पाचच्या आधी सुरू करा. डिसेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात शंभर-दीडशे चेहरे फ्लॅशमध्ये नीट येत नाहीत. आधी सगळ्यांचा पायऱ्यांवरचा फोटो, मग बॅचवार. एकदा माणसं पांगली की पुन्हा गोळा होत नाहीत, म्हणून सभागृहातून थेट पायऱ्यांकडे नेण्यासाठी दोन स्वयंसेवक दाराशी उभे करा.

मंचावरचा कार्यक्रम ५० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. तो लांबतो तो भाषणांपेक्षा सत्कारांनी. एका शाल-श्रीफळाला नाव पुकारणं, चालत येणं, फोटो धरून दीड मिनिट जातं. तीस सत्कार म्हणजे ४५ मिनिटं. शाल-श्रीफळ फक्त जुन्या शिक्षकांना, रेक्टरांना आणि मेसच्या कर्मचाऱ्यांना द्या. समिती सदस्यांचे, देणगीदारांचे आभार पडद्यावर नावं दाखवून मानावेत. बोलणारे तीनच, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि हे त्यांना निमंत्रणातच कळवावं. सूत्रसंचालकाने दोन वाक्यांच्या मध्ये कविता म्हणायची नाही.

समईजवळचा पंखा बंद करायला एक माणूस सांगून ठेवा. वाती तेलात आधी भिजवलेल्या असाव्यात, काडेपेट्या दोन. दिवंगतांची नावं पडद्यावर सावकाश, बॅचसह दाखवा आणि त्यानंतर दोन मिनिटं शांतता पाळा.

संघटना सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल तर वार्षिक सभेची नोटीस संघटनेच्या घटनेत लिहिलेल्या मुदतीत काढा, हिशेब मांडा आणि इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली तर धर्मादाय कार्यालयाकडे ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. हे राहून जातं आणि दोन-तीन वर्षांनी बँक खातं अडतं.

नोंदणीचं टेबल

एका माणसाला नाव शोधणं, ओळखपत्र देणं, सही घेणं यात ४० सेकंद लागतात. १५० माणसांना एका टेबलावर १०० मिनिटं, तीन टेबलांवर साधारण ३५. टेबलं आडनावांच्या क्रमाने लावू नका, आडनावं बदललेली असतात. पास होण्याच्या वर्षांवरून लावा: १९९० पर्यंत, १९९१ ते २००५, पुढचे.

ओळखपत्रावर नाव मोठं, हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल असं, किमान एक सेंटिमीटर उंचीचं. खाली बॅच आणि खोली नंबर. खोली नंबर जरूर लिहा: "दोनशे चौदा? माझ्या आधी तुम्ही होतात तर!" अशा ओळखी तिथूनच निघतात. मैत्रिणींच्या ओळखपत्रावर हॉस्टेलच्या दिवसांतलं नाव मोठं आणि आत्ताचं त्याखाली, मात्र त्यांना विचारून. टोपणनावही विचारल्याशिवाय छापू नये. कित्येकांना ते तेव्हाही आवडत नव्हतं.

एकटा आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांतच थांबायचं की परतायचं ते ठरवतो. त्याच्या बॅचचं कोणी नसेल तर स्वागतातल्या एकाने त्याला शेजारच्या वर्षाच्या घोळक्यापर्यंत सोबत नेऊन ओळख करून द्यावी. एवढ्या एका कामासाठी दोन बोलक्या माणसांना मोकळं ठेवा.

स्नेहभोजन

मेळाव्याची खरी बैठक ही. ७.४५ ला ताटं मांडलेली हवीत. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नव्हे, आणि उशिरा जेवलेली माणसं जेवून लगेच निघतात, गप्पा राहतात.

पंगत की बुफे? दीडशे माणसांपर्यंत पंगत करा. लोक बसतात, शेजाऱ्याशी बोलतात आणि आग्रह होतो. हॉस्टेलच्या माणसांना मेसमध्ये रांगेत बसून जेवल्याचं सुख यातच मिळतं. खाली बसणं अवघड असतं म्हणून टेबल-खुर्चीची पंगत घ्या. शंभर पानांना दहा ते बारा वाढपी लागतात. आजचे विद्यार्थी वाढायला उत्साहाने येतात, त्यांना आधी जेवायला घाला. बसवताना एका टेबलावर दोन-तीन बॅचेस मिसळतील असं बघा.

संख्या जास्त असेल तर बुफे, पण हिशेबाने. एका माणसाला ताट भरून घ्यायला २० सेकंद धरा. दोनशे माणसं एका रांगेत म्हणजे तासापेक्षा जास्त वेळ. दोन्ही बाजूंनी घेता येतील अशी दोन लांब टेबलं लावली तर चार रांगा होतात आणि हेच काम १७ मिनिटांत उरकतं. पाणी आणि गोड पदार्थाचं टेबल रांगेपासून दूर ठेवा.

शंभर माणसांच्या शाकाहारी जेवणाचा अंदाज असा. मसालेभाताला ६ किलो आणि साध्या भाताला ३ किलो तांदूळ. वरणाला ३ किलो तूरडाळ. माणशी पाच पुऱ्या धरून १० किलो कणीक, किलोला पन्नासेक पुऱ्या होतात. बटाट्याच्या भाजीला १० किलो बटाटे, उसळीला साडेतीन किलो कोरडी मटकी. कोशिंबिरीला ५ किलो काकडी-टोमॅटो आणि २ किलो दही. श्रीखंड ११ ते १२ किलो. मठ्ठा १८ लिटर. वीस लिटरचे पाण्याचे जार सात, शिवाय दोन राखीव. चहाच्या एका फेरीला ६ लिटर दूध, ४ लिटर पाणी, पाव किलो चहा पावडर आणि १ किलो साखर, पण पाऊण भागच गोड करा. बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये, पाटी लावून.

कोल्हापूर-सांगलीकडे तांबडा-पांढरा रस्सा हवाच असतो. शंभरांत साठ मांसाहारी धरले तर १० ते ११ किलो मटण लागेल. शाकाहारी टेबल, डाव आणि वाढपी पूर्ण वेगळे ठेवा, आणि जैन जेवणाची संख्या नोंदणीतूनच घ्या. आयत्या वेळी कांदा-लसूण काढून टाकता येत नाही.

बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. पुऱ्या एकदम तळून ठेवल्या की चिवट होतात, पंगत बसल्यावर घाणा सुरू झाला पाहिजे, म्हणून कढई जेवणाच्या जागेजवळ हवी. कोशिंबिरीत मीठ आणि दही आधी घातलं की पाणी सुटतं, वाढण्याआधी दहा मिनिटं घाला. श्रीखंड सकाळी आणून उन्हात ठेवलं तर आंबतं, संध्याकाळीच आणवा आणि बर्फात ठेवा. चौथं, ताटांचा वाद. केटरर २१० ताटं लावली म्हणतो, तुमची नोंद १८० ची असते. जेवणाआधी रिकामी ताटं दोघांनी मिळून मोजावी, संपल्यावर उरलेली मोजावी, आणि त्या वजाबाकीवर बिल.

केटररला सात दिवस आधी अंदाज आणि ४८ तास आधी हमीचा आकडा, म्हणजे किमान इतक्या ताटांचे पैसे नक्की देऊ तो आकडा, द्या. हमीचा आकडा पैसे भरलेल्यांच्या ९० टक्के ठेवा आणि त्यावर दहा टक्के जास्तीची तयारी मागा. त्याच्याकडे अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का आणि दरात जीएसटी धरला आहे का, हे दर ठरवतानाच विचारा. उरलेलं अन्न घेणारी स्थानिक संस्था किंवा हॉस्टेलची मेस आधी बोलून ठेवा आणि ताटं उठताच ते पाठवा. रात्रभर ठेवून सकाळी वाटू नका.

जेवताना संगीत लावायचं तर बासरी किंवा सतार, समोरासमोर बसलेल्यांना आवाज न चढवता बोलता येईल इतक्याच आवाजात. डीजे नको. त्यात कोणी बोलत नाही, आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे.

मेळाव्यानंतर

पुढच्या वर्षीची तारीख जेवण संपायच्या आत जाहीर करा आणि तो भरवणारी यजमान बॅचही तिथेच ठरवा. हिशेब पंधरा दिवसांत, बिलांच्या फोटोंसह, सगळ्यांना पाठवा. शिल्लक पुढच्या वर्षाच्या आगाऊ रकमेसाठी ठेवा, हॉलवाला आणि केटरर दोघेही ती मागतात.

मग दोन पानांचं टिपण लिहा: कोणाला किती आधी फोन केला, केटररचा दर, प्रत्यक्ष लागलेलं धान्य, कोणता पदार्थ उरला, कोणता कमी पडला, कुठे गर्दी झाली. नोंदणीत आलेले नवे फोन नंबर आणि पत्ते मूळ यादीत त्याच आठवड्यात चढवा. यादीची एक प्रत नव्या यजमान बॅचकडे, एक जुन्या समितीतल्या कोणाकडे तरी, आणि छापील प्रत रेक्टरांच्या कपाटात ठेवा.